सुईखालची जागा

१

आमच्या केंद्रात कामाची सुरुवात चपला काढण्यापासून होते. मग पंखे बंद, एसी बंद, मोबाईल दाराबाहेरच्या टोपलीत, आणि ज्याला खोकला असेल त्याने सरळ घरी जायचं. शेजारच्या साखरा गावच्या लोकांनी आमच्या इमारतीला 'मुकी बिल्डिंग' असं नाव ठेवलंय. मला ते आवडतं. सरकारी पाटीवरचं लांबलचक नाव मला स्वतःला एका दमात म्हणता येत नाही.

एवढी खर्चिक यंत्रं हिंगोलीकडच्या या उघड्या माळावर कशाला आणली, असं येणारा-जाणारा विचारतो. मी सांगते, इथं काही नाही म्हणून. रेल्वे लांब, कारखाना नाही, आणि खाली सलग काळा खडक. आम्हाला जे बघायचं असतं ते इतकं बारीक असतं की शेजारच्या खोलीत कुणी स्टूल सरकवलं तरी चित्रात रेघ उठते. कनेरगाव नाक्यावर ट्रकने ब्रेक मारला तरी उठते असं दिपक म्हणतो, पण तो सगळंच वाढवून सांगतो.

बघायचं काय, तर अणू. धातूच्या एका चकतीवर आम्ही मॅंगनीजचा थर देतो, फक्त एका अणूच्या जाडीचा. त्यातला प्रत्येक अणू म्हणजे इवलासा लोहचुंबक. एकाचं तोंड इकडे, शेजाऱ्याचं तिकडे, त्याच्या शेजाऱ्याचं पुन्हा इकडे. शेजाऱ्याकडे कायम पाठ, आणि तरीही अख्ख्या थरात कुणाची चूक नाही. हे बघायला आमच्याकडे एक सुई आहे, तिच्या टोकाला चुंबकाचा गुण दिलेला. ती थरावरून न टेकता फिरते. खालच्या अणूचं तोंड तिच्याशी जुळलं की वीज जास्त वाहते, नाही जुळलं की कमी. सुई एका बाजूने जाते, त्याच वाटेने परत येते, किंचित खाली सरकते आणि पुन्हा जाते. शेतात तासं पडत जावीत तशा ओळी पडत जातात. बघता बघता स्क्रीनवर उजळ-काळा, उजळ-काळा असा पट उभा राहतो.

तो पट बघून मला दरवेळी भरून येतं. दिपकला मी हे सांगत नाही. दिपक जाधव आमची यंत्रं सांभाळतो, नाक्याजवळच्या तांड्यावरचा आहे, आणि मॅडम हळव्या आहेत हे त्याला कळलं तर वर्षभर माझी सुटका नाही.

२

सगळा माळ गप्प करता आला, पण माझ्याच घरच्यांना गप्प करायला वेळ लागला. माझे आबा, म्हणजे वडील, रामकिशन, मेंढरं राखतात. आमच्या कुंपणाला लागून जो उतार आहे तिथं त्यांची मेंढरं त्यांच्या बापाच्या काळापासून चरतात. कळप हलला की कुंपणाकडच्या कंपनमापकाची रेघ थरथरायची, आणि माझ्या चित्रावर कुणीतरी मीठ शिंपडल्यासारखं दिसायचं. मी एकदा जेवताना विषय काढला.

"आबा, दुपारी आमचं यंत्र चालू असतं. तेवढा वेळ मेंढरं बसवून ठेवाल का?"

"मेंढरू काय शाळेतलं पोरगं हाय का, बस म्हणलं की बसायला?"

"बसतील की," माय म्हणाली. माझी माय, चांगुणाबाई, आबांची बाजू कधीच घेत नाही. "दुपारच्याला तुमी तरी कुठं हिंडता? झाडाखाली घोरून राहता."

आबांनी मात्र मनावर घेतलं. उन्हात मेंढरं तशीही चरत नाहीत. एकमेकांच्या पोटाखाली मुंड्या घालून उभी राहतात. आबा त्यांच्यात हिंडून हळू आवाजात समजूत घालायचे. "गप रे. साधनीचं काम चालू हाय." साधनी म्हणजे मी. दिपकने हे ऐकलं होतं आणि तो त्यांची नक्कल फार छान करायचा.

रेघ शांत होत गेली. अगदी शांत नाही, कारण जनावर रवंथ करतं, कान झाडतं, एखादं कोकरू उगाच उडी मारतं. तेवढी बारीक थरथर राहायची, आणि मला तिची सवय झाली होती. आबा आहेत तिथं, असं त्या थरथरीकडे बघून वाटायचं.

फाल्गुनात एका दुपारी ती थरथर थांबली.

दिपकला वाटलं मापक बिघडला. त्याने खोलीबाहेर जाऊन जमिनीवर हलकेच टाच आपटली, तर इमारतीतल्या मापकाने उडी मारली. मग कुंपणाकडचा मापक तपासायला आम्ही पहारेकऱ्याला त्याच्यापाशी पाय आपटायला सांगितलं. तिथलीही रेघ उडाली, आणि पुन्हा सरळ झाली. आखणीपट्टीने ओढावी तशी सरळ.

"मॅडम, जमीन इतकी गप कधीच नसते," दिपक म्हणाला. त्याने या वेळी काही वाढवून सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं वारा पडला असेल. त्यानंतर घेतलेलं चित्र मात्र मी तोवर पाहिलेलं सगळ्यात सुंदर चित्र होतं. काठापासून काठापर्यंत एकही डाग नाही. मी चष्मा पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

३

त्या संध्याकाळी घरी गेले तर आबा वाड्यात, म्हणजे आमच्या मेंढरांच्या कुंपणात, उकिडवे बसले होते. समोर चांदरी उभी होती. चांदरी ही कपाळावर पांढरा पट्टा असलेली मेंढी. तिचं कोकरू तिच्यापासून लांब उभं राहून ओरडत होतं.

"हिचा कान बघ," आबा म्हणाले.

प्रत्येक घराची मेंढरं ओळखायला कानाला खाच मारतात. आमची खाच डाव्या कानाला. चांदरीचा डावा कान साबूत होता आणि खाच उजव्या कानाला होती. जुनी, भरून आलेली, कडेला केस उगवलेली खाच.

"दुसऱ्याची मिसळली असेल."

"चांदरीला मी वळखत न्हाई व्हय? हातानं जन्माला घातली हिला." आबांनी तिच्या कपाळावर बोट ठेवलं. पट्टा खाली येता येता एका डोळ्याकडे झुकतो, तो आता दुसऱ्या डोळ्याकडे झुकत होता. "समदी तीच हाय. पर उलटी हाय."

मी बॅटरी लावून बघितलं. शिकलेल्या माणसाला बघण्याशिवाय दुसरं काय येतं. मी मनाशी म्हटलं, आपण कुणी या मेंढीचा डावा-उजवा नीट लक्षात ठेवला होता का? आठवण फसवते. आरशात बघितलेलं खरं वाटायला लागतं. असं बरंच काही म्हटलं. पण कोकराला यातलं काही पटलं नाही. आबांनी त्याला उचलून चांदरीच्या आचळाशी धरलं, तर त्याने हुंगलं आणि अंग काढून घेतलं. आईचा वास त्याला लागत नव्हता.

चांदरीने कोकराकडे बघितलंही नाही. ती चरेना, पाणी पिईना. मान वर करून उभी राहिली आणि थोड्याच दिवसांत उभ्या-उभ्याच मेली. दुखणं असं काही दिसलं नाही.

"आबा, दुपारी तिथं काय होतं?" मी विचारलं.

"काय व्हतंय? गप असतंय समदं." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "लई चांगलं गप असतंय, बाई."

४

आमच्या कामात एक खोड आहे. सुईच्या टोकाला चुंबक असतो, त्यामुळे ती फार जवळ गेली तर ज्या अणूला बघायचं त्याचंच तोंड फिरतं. बघण्यानेच बिघडतं. दिपक याला 'नजर लागली' म्हणतो. पुण्याहून आलेल्या साहेबांसमोरही तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला होता, "सर, इथं नजर लागलेली दिसून राहिली."

चांदरी मेली त्या आठवड्यात चित्रात एक अणू असाच फिरलेला दिसला. दिपक सवयीने म्हणाला, "लागली नजर," आणि मला चांदरीचा कान आठवला. मला स्वतःचा रागही आला. डॉक्टरेट केलेली बाई मी, मेंढी आणि अणू यांची सांगड घालत बसले होते. तरी मी दिपकला कानाची गोष्ट सांगितली. तो हसेल अशी माझी खात्री होती, आणि त्याने हसावं अशी इच्छाही होती.

तो हसला नाही. "मॅडम, आबांना म्हणा मेंढरं पुसेगावकडं घेऊन जा."

मी म्हटलं. त्याच रात्री जेवताना, मग दुसऱ्या दिवशी सकाळी, मग चिडून. आबांनी एकदाही हुज्जत घातली नाही. हे मला जास्त लागलं, कारण हुज्जत घालणं हा आबांचा स्वभाव आहे. ते फक्त म्हणत, "तुझंच काम हाय ना? मंग तकलीफ काय?" आणि ताटातली भाकरी अर्धी मोडून बाजूला ठेवत. आणखी काही मेंढ्यांच्या खाचा बाजू बदलून गेल्या होत्या. त्या मेंढ्या वाड्याच्या एका अंगाला मान वर करून उभ्या असायच्या. आबा त्यांच्याकडे ज्या डोळ्यांनी बघायचे ते मला आवडत नव्हतं. त्यात दया नव्हती. हेवा होता, असं आता वाटतं.

माय एका सकाळी माझा डबा भरताना म्हणाली, "दोन घास खातेत आन् उठतेत. कपडे अंगावर लोंबून राहिले. चांदरीसारखं उभं राहतेत अंगणात. साधना, तुझ्या त्या बिल्डिंगीत काय असंल ते असंल. माझ्या माणसाला तिथून काढ."

मायने माझ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलेलं नाही. मी हो म्हटलं.

५

त्या दुपारी सुई चालू झाली, आणि कुंपणाकडची रेघ नेहमीसारखी सरळ झाली. मी दिपकला सांगितलं की चित्र पूर्ण होऊ दे, मी आबांना घेऊन येते. चपला घालायच्या राहिल्याच. तापलेल्या मुरमावर अनवाणी चालत मी कुंपणाच्या फाटकातून बाहेर पडले.

आधी आवाज गेले. माळावर कधीच पूर्ण शांतता नसते. लांब कुठं मोटार चालू असते, होले घुमतात, वाळलेल्या गवतात काहीतरी सळसळतं. उतरणीला लागले तसे हे आवाज एकेक करून मागे राहिले. मला वाटलं कानांना दडे बसले. मी घसा खाकरला, तर तो आवाज तोंडातून निघाला आणि तिथंच संपला.

मग कळप दिसला.

मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंड्या घालून उभी नव्हती. ती ओळींत उभी होती. एकीचं तोंड उगवतीला, शेजारणीचं मावळतीला, तिच्या शेजारणीचं पुन्हा उगवतीला. मागच्या ओळीत उलट. सगळ्यांच्यामध्ये सारखं अंतर. अख्ख्या उतारावर हा पट पसरला होता आणि त्यात एकाही जनावराची चूक नव्हती. कुणी कान हलवत नव्हतं. डोळ्यांवर माश्या नव्हत्या.

हे चित्र मला पाठ होतं. मी रोज त्याच्यासमोर बसत होते.

भीती वाटली असं लिहायला हवं, आणि ती वाटली. पण तिच्याआधी जे वाटलं ते फार मोठं होतं. जे मी आजवर काचेवर, रंग भरून, हिशेब करून बघितलं होतं ते माझ्यासमोर उन्हात उभं होतं, लोकर आणि खुरांसकट. माझे हात आपोआप जोडले गेले. ते खाली घ्यायलाही मला लाज वाटली नाही.

आबा खालच्या ओळींपैकी एकीत होते. चांदरी मेल्याने जी जागा रिकामी झाली असती, त्या जागेत ते उभे होते. डावी-उजवीकडच्या मेंढ्यांची तोंडं मावळतीला, यांचं उगवतीला. काठी हातात नव्हती. ती कळपाबाहेर नीट आडवी ठेवलेली होती, जशा आम्ही दाराबाहेर चपला ठेवतो.

६

"आबा!"

ते वळले नाहीत. मी आणखी खाली उतरले आणि तेव्हा मला वरच्या ओळीत हालचाल दिसली.

ओळीच्या टोकाला असलेल्या मेंढीची पाठीवरची लोकर उभी राहिली. कुणी वरून हात फिरवावा, पण न टेकता, तशी. ती बसली आणि शेजारणीची उभी राहिली. मग तिच्या शेजारणीची. ओळ संपेपर्यंत ते तसंच सरकत गेलं. टोकाला जाऊन त्याच ओळीतून परत आलं. मग किंचित खाली, पुढच्या ओळीवर आलं आणि पुन्हा जायला लागलं.

जाणं, परत येणं, खाली सरकणं. घाई नाही. एकही जनावर सुटत नव्हतं. इतकं मन लावून काम करणारं दुसरं कुणी मी पाहिलं नव्हतं. मी स्वतः करते ते सोडून.

एका मेंढीवरून ते गेलं आणि तिचं तोंड मावळतीचं उगवतीला झालं. तिने पाय उचलले नाहीत. ती वळली नाही. आधी तिकडे होती, आता इकडे होती.

मी वर बघितलं. वर बघू नये हे मला कळत होतं, तरी बघितलं. ढग नव्हता, पाखरू नव्हतं. आभाळच होतं, निळं, उन्हाने पांढुरकं झालेलं. पण ते नेहमीसारखं पसरलेलं नव्हतं. ते चहूबाजूंनी गोळा होत, निमुळतं होत खाली आलं होतं, आणि त्या ओळीतल्या मेंढीच्या पाठीवर, न टेकता, एका टोकाशी संपत होतं.

यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही. मी तेवढंच पाहिलं.

मी मान खाली घातली आणि माझ्या डोक्यात विचार सुरू झाले, कारण ते कधी थांबतच नाहीत. आम्ही शांत जागा शोधत या माळावर आलो होतो. हा माळ इतका शांत का, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. कुणीतरी आमच्याआधी तो शांत करून ठेवला असेल, असं का सुचलं नाही? त्यांनाही थरथर चालत नसेल. त्यांनीही कुणाकुणाला हळू आवाजात 'गप रे' म्हटलं असेल.

आबांच्या आणि त्याच्यामध्ये आता दोनच ओळी होत्या.

मी धावत कळपात शिरले, आबांचा दंड धरला आणि ओढला. वाळलेलं माणूस ते, पण जागचं हलेना. चेहरा मात्र जिवंत होता. गालांवरून पाणी वाहत होतं. एखादं लेकरू जत्रेत पाळण्यात बसण्याची वाट बघतं तसा तो चेहरा होता.

"थांब की," ते पुटपुटले. "येऊन राहिलंय. आता आमची बारी हाय."

"आबा, घरी चला. माय वाट बघते."

"गप. गप बस म्हणून तूच सांगितलंस ना?"

वरची ओळ संपली. लोकर उभी राहत, बसत ते परत यायला लागलं. काय करायचं ते मला माहीत होतं, आणि त्याची किंमतही माहीत होती. सुई चालू असताना जमिनीला धक्का बसला तर ती खाली आपटते. तेव्हा तिच्याखाली जो असेल तो जातो. तो आबा नव्हते, अजून नव्हते. आणि माझ्या मनाचा एक कोपरा, मी खोटं कशाला सांगू, म्हणत होता की थांब, चित्र पूर्ण होऊ दे.

मी पाय उचलला आणि आपटला.

नुसता एक नाही. दोन्ही पायांनी, जमेल तेवढ्या जोराने, ओरडत, आबांचीच हाळी देत, "हुर्र, हुर्र, चल!" मी वाटेतल्या मेंढ्यांना धक्के दिले, दगड उचलून खडकावर फेकले. तीन वर्षं मी ज्या-ज्या आवाजासाठी लोकांवर खेकसले होते ते सगळे मी एकटीने केले.

काहीतरी वर उचललं गेलं. कानांत सणकन कळ आली, आणि त्यापाठोपाठ होल्यांचं घुमणं, मोटारीची धकधक, वारा, सगळं एकदम आदळलं. मेंढरं ओरडत चहूकडे पांगली. आबा गुडघ्यांवर बसले.

वरच्या ओळीत जी मेंढी त्या क्षणी त्या टोकाखाली होती ती तिथं नव्हती. पांगली नव्हती. तिच्या जागी मुरूम साफ होता. ती चुकली आहे आणि कधीतरी सापडेल असं माय अजून समजते.

मी आबांच्या कपाळाला, कानांना, हातांना हात लावून बघितलं. डाव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग डाव्याच मनगटावर होता. मी रडायला लागले. आबांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून जे आलं ते मी कधी विसरणार नाही.

"काहून केलंस?" ते म्हणाले. "काहून केलंस गं असं?"

७

आता कळप माझा चुलतभाऊ शिवहार पुसेगावकडे नेतो. सुई मी बंद केली आहे. पुण्याच्या साहेबांना यंत्रात बिघाड आहे असं कळवलं, आणि दिपकने त्या पत्रावर काही न विचारता सही केली. नंतर त्याने मला खोलीत बोलावून कुंपणाकडची रेघ दाखवली. यंत्र बंद, माळावर एकही मेंढी नाही, आणि भर दुपारी ती रेघ सरळ होती.

"कोण बसलंय तिथं?" त्याने विचारलं. त्याला माहीत होतं.

आबा रोज जातात. मेंढरं नाहीत, काठी नाही, तरी जातात. त्याच जागी बसतात, उगवतीला तोंड करून. घरात कोंडून बघितलं, तर त्यांनी पाणीसुद्धा सोडलं. शेवटी मायने कडी काढली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासून अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या. त्या खिडकीत पडून आहेत.

म्हणून मीही जाते. दुपारी डबा घेऊन त्यांच्यापासून थोड्या अंतरावर बसते आणि टाच जमिनीवर आपटत राहते. ठक, ठक, ठक. तेवढ्या थरथरीत काही खाली येणार नाही, एवढं माझं शास्त्र मला सांगतं. टाचेला भेगा पडल्या, मग मी दगड घेतला, मग पुन्हा टाच. मधून मधून मी त्यांना घास भरवायला बघते. ते तोंड मिटून घेतात. कीर्तनात मोठ्याने बोलणाऱ्या बाईकडे लोक बघतात तसं ते माझ्याकडे बघतात, आणि मग तेही बघत नाहीत. हाडं वर आली आहेत त्यांची. पण मी आपटत राहीन तोवर ते माझे आहेत, असं मी स्वतःला बजावते.

काल ऊन कडक होतं. मी किती वेळ आपटत होते कोण जाणे. पाय बधिर झाला आणि थांबला.

होले गप्प झाले. मोटार गप्प झाली. मला पाय उचलायचा होता. तो उचलता आला असता, हेही खरं. पण ती शांतता इतकी स्वच्छ होती, इतकी पूर्ण, की माझ्या सगळ्या चित्रांत मिळून मी तिचा कवडसाच काय तो पाहिला होता. मी श्वास हळू केला.

आबांनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी ते माझ्याकडे बघून हसले, मी शाळेत पहिली आले होते तेव्हा हसले होते तसं.

"व्हय," ते म्हणाले. "आता कसं बराबर."

आणि सरकून त्यांनी शेजारी जागा केली. मी उठले, त्यांच्याजवळ गेले आणि बसले. तोंड कुठं करायचं हे मला विचारावं लागलं नाही. मी त्यांच्याकडे पाठ केली, मावळतीला तोंड केलं. त्यांची हाडकी पाठ माझ्या पाठीपासून वीतभर लांब होती आणि मला ती स्पष्ट जाणवत होती. वरच्या अंगाला, उताराच्या टोकाशी, वाळलेलं गवत उभं राहायला लागलं. मग ते बसलं, आणि त्याच्या शेजारचं उभं राहिलं.

तेवढ्यात साखऱ्याच्या रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून, रिकामी ट्रॉली दणादण आपटत गेला. गवत पडलं. होले घुमायला लागले.

आबांनी त्या ट्रॅक्टरवाल्याला आईवरून शिवी दिली. मीही दिली.